मुलाला कुत्रा चावला की काय करायचं, नळाखालच्या पंधरा मिनिटांपासून शेवटच्या डोसपर्यंत

माझा मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी अंघोळ घालताना त्याच्या पोटरीवर दोन लाल ठिपके दिसले, टाचणी टोचल्यासारखे, शेजारी शेजारी, बाजूला थोडं खरचटलेलं, बस एवढंच. विचारलं तर म्हणाला खेळताना लागलं. पण त्यावर पाणी पडलं तसा त्याने पाय मागे घेतला आणि माझ्याकडे बघेचना. मग मी तिथेच खाली बसले, म्हटलं कुणी रागावणार नाहीये, नुसतं सांग काय झालं ते. रडत रडत बाहेर आलं. दुपारी एका पिल्लाच्या तोंडातला बॉल काढून घ्यायला गेला होता, ते चावलं, आणि पिल्लांना हात लावायचा नाही असं मीच दहा वेळा बजावलेलं असल्यामुळे पोरगं चार तास गप्प बसलं होतं.

ते चार तास आठवले की अजून पोटात गोळा येतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. आणि सगळ्यात आधी एकच सांगते, जखम केवढीशी आहे यावरून काहीही ठरवू नका. मोठी जखम दिसली की सगळेच धावतात हो, घात होतो तो टाचणीएवढ्या ठिपक्यांमध्ये, "अगं साधं खरचटलंय" म्हणून सोडून दिलं जातं तिथे.

रेबीजचं कसं असतं ते थोडक्यात समजून घ्या म्हणजे पुढची घाई कशासाठी ते कळेल. विषाणू कुत्र्याच्या लाळेत असतो, दात लागला किंवा फाटलेल्या कातडीवर लाळ लागली की तो आत शिरतो आणि नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकत जातो. याला साधारण दोन ते तीन महिने लागतात, पण कधी आठवडाभरात होतं तर कधी वर्षही लागतं. जखम डोक्याच्या जितकी जवळ तितका वेळ कमी मिळायची शक्यता. आणि एकदा लक्षणं दिसायला लागली की जवळपास कुणीच वाचत नाही, जगभरातले डॉक्टर अजून यावर हमखास उपाय शोधू शकलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने जातात आणि त्यातली साधारण ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत केसेस कुत्र्यांमुळे. पण याची दुसरी बाजू पण तेवढीच खरी आहे, लक्षणं येण्याआधी नीट धुणं, लस आणि गरज असेल तर सीरम हे तिन्ही वेळेवर झालं तर हा आजार जवळजवळ नक्की टळतो. म्हणजे सगळा खेळ सुरुवातीच्या काही तासांचा आणि दिवसांचा आहे, आणि तो आपल्या हातात आहे.

पहिलं काम, नळ

रक्ताची धार लागली असेल तर आधी स्वच्छ कापड घेऊन घट्ट दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघत बसू नका. धार लागलेली नसेल तर थेट नळाखाली. वाहतं पाणी आणि साबण, १५ मिनिटं, आणि ही १५ मिनिटं घड्याळ लावून मोजा कारण अंदाजाने धुतलं तर दोन मिनिटांतच वाटतं की झालं आता. साबण कुठलाही चालतो, अंगाचा, कपड्याचा, जो हाताला लागेल तो. या विषाणूवर चरबीचं एक पातळ आवरण असतं, ते साबणाने फुटतं, शिवाय लाळ वाहून जाते ती वेगळीच. हे साधं धुणं म्हणजे उपचाराची सुरुवातच आहे, दवाखान्यात जायच्या आधीचा टाइमपास नाही.

रडणाऱ्या मुलाला १५ मिनिटं नळाखाली धरणं सोपं नसतं हे मला माहितीये. मी मुलाला मांडीवर घेतलं, पाय नळाखाली सोडला, आणि त्याच्याकडून उलटे आकडे म्हणवून घेतले, शंभरपासून खाली, चुकला की परत पहिल्यापासून. मोबाईलवर काहीतरी लावून दिलं तरी चालेल, या वेळी सगळं माफ आहे. घासायचं मात्र नाही, बोटांनी हलक्या हाताने साबण लावायचा आणि पाणी जखमेच्या आतपर्यंत जाऊ द्यायचं.

धुताना सगळ्या जखमा शोधा. कुत्र्याला वरचा जबडा असतो तसा खालचा पण असतो, त्यामुळे पायाच्या पुढच्या बाजूला दात दिसले तर मागची बाजू पण बघा. केसांमध्ये, कानामागे, बोटांच्या बेचक्यात, कपड्याच्या आत. पँट फाटलेली नसली तरी आत दात उमटलेला असू शकतो. डोळ्यात किंवा तोंडात लाळ गेली असेल तर तिथे साबण नको, नुसत्या स्वच्छ पाण्याने भरपूर वेळ धुवायचं.

धुऊन झालं की पोव्हिडोन आयोडिन असेल तर लावा. नसेल तर राहू द्या, त्याच्यासाठी शोधाशोध करत थांबू नका. आणि बाकी काही म्हणजे काहीही लावू नका. कुठलीही पूड, तेल, पाल्याचा रस, चुना, माती, डाग देणं, तोंडाने रक्त ओढणं, वर दोरी आवळणं, यातलं काहीच नाही. या गोष्टींनी कातडी आणखी जळते आणि विषाणू आत ढकलला जाऊ शकतो. घरातलं कुणी मोठं माणूस आग्रह करत असेल तर वाद घालू नका, मुलाला उचला आणि निघा. घट्ट पट्टी पण बांधू नका, जखम उघडी ठेवा किंवा फार तर स्वच्छ कापड सैलसर ठेवा.

आता हे सगळं बाजूला ठेवून थेट इमर्जन्सीला कधी पळायचं, तर दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, चावा मानेला, चेहऱ्याला, डोक्याला, छातीला किंवा पोटाला असेल, मांस लोंबत असेल, बोटं हलत नसतील किंवा बधिर वाटत असतील, मूल सुस्त पडलं असेल. लहान मुलांची उंचीच अशी असते की कुत्र्याचं तोंड बरोबर त्यांच्या चेहऱ्यापाशी येतं, म्हणून मोठ्यांना हातापायाला चावतो तर त्यांना चेहऱ्याला. तान्ह्या बाळाला डोक्यावर चावा असेल तर वरून छोटंसं भोक दिसलं तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवं, कवटी पातळ असते, दात आतपर्यंत गेलेला असू शकतो.

कुत्र्याबद्दल काय बघून ठेवायचं

एकजण मुलाला धूत असताना दुसऱ्याने एवढंच विचारून घ्यायचं: कुत्रा कुणाचा आहे की मोकाट, कसा दिसतो, कुठे असतो, छेड काढल्यावर चावला की आपणहून अंगावर आला, लाळ गळत होती का, लंगडत किंवा झोकांड्या खात होता का, भुंकण्याचा आवाज बदललाय का, अजून कुणाला चावलाय का. पाळलेला असेल तर मालकाकडून लसीच्या कार्डाचा फोटो घ्या. पकडायला किंवा मारायला जाऊ नका, तुम्हाला चावला तर एकाचे दोन पेशंट होतील, आणि मेलेल्या कुत्र्यावर पुढचे दहा दिवस लक्ष ठेवता येत नाही, त्याबद्दल खाली लिहिलंय.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. पिसाळलेला कुत्रा म्हणजे फेस गाळत धावणारा, असं चित्र आपल्या डोक्यात बसलंय. रेबीज झालेला काही वेळा एकदम शांत, कोपऱ्यात पडून राहणारा, जबडा लुळा पडलेला असाही असतो. आणि पिल्लाला पण रेबीज होतो. "एवढंसं पिल्लू ते, त्याला काय होणार" हे मी स्वतः ऐकलंय, त्याच दिवशी, दोघातिघांकडून.

डॉक्टरकडे, आणि त्याच दिवशी

रात्र झाली म्हणून उद्यावर टाकू नका, सुट्टी असली तरी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. आणि समजा उशीर झालाच असेल, मुलाने आठवड्याने, महिन्याने सांगितलं, तरी "आता काय उपयोग" म्हणू नका, लक्षणं नसतील तर तेव्हाही लस सुरू करतात.

डॉक्टर जखमेचे तीन गट करतात. पहिला म्हणजे नुसता हात लावला, खाऊ घातलं, किंवा धड कातडीवर कुत्र्याने चाटलं. यात धुण्यापलीकडे काही लागत नाही. दुसरा म्हणजे उघड्या कातडीला हलकं कुरतडलं, किंवा रक्त न येता खरचटलं. यात लस. तिसरा म्हणजे कातडी भेदून दात किंवा नख आत गेलं, मग ते एकच का असेना, किंवा आधीच असलेल्या जखमेवर चाटलं, किंवा लाळ डोळ्यात, तोंडात गेली. यात लस आणि सीरम दोन्ही. आमचे ते दोन ठिपके तिसऱ्या गटातले निघाले. कातडीत भोक आहे म्हणजे तिसरा गट, ते केवढं आहे याला अर्थ नाही. रक्त आलं होतं की नाही हे मुलाला नीट सांगता येत नसेल तर डॉक्टरांना तसंच सांगा, आपल्या मनाने "नाही आलं" म्हणून मोकळं होऊ नका.

आता सीरमबद्दल जरा जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त सुटतं ते हेच. लस दिली की शरीर स्वतःच्या अँटिबॉडी बनवायला लागतं, पण त्याला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. त्या मधल्या दिवसांत जखमेतच बसलेल्या विषाणूला कोण अडवणार? त्यासाठी तयार अँटिबॉडी थेट जखमेत सोडतात, त्याला रेबीज इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात, बोलताना सीरम, आणि काही ठिकाणी आता मोनोक्लोनल अँटिबॉडी मिळतात त्याही याच कामासाठी. हे वजनावर ठरतं, माणसाच्या रक्तापासून बनवलेलं असेल तर किलोला २० युनिट, घोड्यापासूनचं असेल तर ४०. माझा मुलगा १९ किलोचा, म्हणजे ३८० किंवा ७६०. वजन सांगताना अंदाज नको, तिथल्या काट्यावर उभं करा.

आम्ही पहिल्या ज्या ठिकाणी गेलो तिथे दंडात लस टोचली, पुढची तारीख लिहून दिली आणि म्हणाले झालं, जा. मी विचारलं सीरम? तर म्हणाले आमच्याकडे नाहीये, आणि एवढीशीच तर जखम आहे. मी रात्रीच दुसऱ्या हॉस्पिटलला गेले, तिथल्या डॉक्टरबाईंनी दोन मिनिटं बॅटरी धरून ठिपके बघितले आणि म्हणाल्या, बरं झालं आलात. सुई दंडात वगैरे नाही, थेट त्या ठिपक्यांच्या आत आणि भोवती गोल गोल टोचत गेल्या, पोटरीचा तेवढा भाग पाण्याचा फुगा भरावा तसा फुगला. मुलगा ओरडत होता, माझ्या हाताला त्याची नखं रुतली होती. बघवत नाही हो, पण सीरम जखमेत गेलं तरच त्याचा खरा उपयोग, दुसरीकडे टोचलं तर विषाणू आहे तिथे ते पुरेसं पोचत नाही. जखमा खूप आणि मूल लहान असेल तर वजनाप्रमाणे आलेलं सीरम पुरत नाही, मग ते सलाईनमध्ये पातळ करून सगळ्या जखमांत पुरवतात, एकही जखम सोडत नाहीत. पहिल्या दिवशी मिळालं नाही तर लसीच्या पहिल्या डोसपासून ७ दिवसांच्या आत देता येतं, त्यानंतर नाही, कारण तोवर शरीराच्या स्वतःच्या अँटिबॉडी यायला लागतात. म्हणून नाही म्हणाले तर तिथेच विचारा, कुठे मिळेल? आणि लस मात्र सीरमसाठी अडवून ठेवू नका, ती लगेच घ्या.

टाके घालायची घाई नको. जखम शिवली की विषाणू आत बंद होतो, त्यामुळे शक्य तोवर उघडीच ठेवतात, आणि चेहऱ्यासारख्या ठिकाणी घालावेच लागले तर आधी सीरम, मग काही तास थांबून, मग सैलसर टाके. हा क्रम डॉक्टरांना विचारायला लाजू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल की नाही ते मुलाच्या लसीकरण कार्डावरून ठरतं, ते बरोबर न्या. आणि कुत्र्याच्या तोंडात बॅक्टेरिया पण भरपूर असतात, म्हणून हाताचा, चेहऱ्याचा, सांध्याजवळचा किंवा खोल चावा असेल तर तीन ते पाच दिवस अँटिबायोटिक देतात, बहुतेक वेळा अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड एकत्र असलेलं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल, मुलाची प्लीहा काढलेली असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारं काही औषध चालू असेल तर ते आधी सांगा, न विचारता सांगा.

डोसचं वेळापत्रक

पोटात चौदा इंजेक्शनं हा जुना काळ झाला, मुलाला त्याची भीती घालू नका. आताची लस दंडात देतात, दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीच्या पुढच्या बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर कधीच नाही, तिथे चरबीमुळे नीट लागू पडत नाही, कुणी देत असेल तर थांबवा. आणि डोस मोठ्यांना जेवढा तेवढाच मुलांना, यात वजनाचा संबंध नाही, वजनाचा संबंध फक्त सीरमशी.

पहिला डोस ज्या दिवशी दिला तो शून्यावा दिवस, चावल्याचा दिवस नव्हे. स्नायूत देत असतील तर एका पद्धतीत ०, ३, ७, १४ आणि २८ असे पाच, काही ठिकाणी चारच डोस असतात. कातडीत देत असतील तर दर वेळी दोन जागी थोडी थोडी, दिवस ०, ३, ७, आणि एका पद्धतीत २८ ला पण. कुठली पद्धत ते देश आणि हॉस्पिटलप्रमाणे बदलतं, तुम्ही फक्त तुमच्या कार्डावरच्या तारखा पाळायच्या. मी त्याच रात्री सगळ्या तारखांना मोबाईलवर अलार्म लावले, कारण सातव्या दिवसापर्यंत भीती असते, चौदाव्यापर्यंत जखम भरलेली असते, आणि अठ्ठाविसाव्याला घरातल्या कुणाच्याच ते लक्षात राहत नाही. चुकून तारीख हुकली तर कोर्स पहिल्यापासून करायला लागत नाही, हुकलेला डोस लगेच घ्यायचा आणि पुढच्या तारखा डॉक्टरांना विचारून घ्यायच्या.

टोचल्याजागी दुखणं, लाल होणं, थोडा ताप, डोकेदुखी हे होऊ शकतं, तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल चालतं, मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. अंघोळ चालते, नेहमीचं जेवण चालतं, पथ्य काही नाही. भावंडांना एका खोलीत झोपू दिलं तरी चालतं, चावलेल्या मुलापासून कुणाला काही होत नाही.

हे सगळं सुरू झालं ते एका पोरापासूनच. ६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्याकडे जोसेफ माइस्टर नावाच्या ९ वर्षांच्या मुलाला त्याची आई घेऊन आली होती, कुत्रा जागोजागी चावलेला. दहा दिवसांत १३ टोचण्या दिल्या, पोरगं जगलं, मोठं होऊन पाश्चर यांच्याच संस्थेत रखवालदार झालं. अठ्ठाविसाव्या दिवशी मुलगा "आता परत कशाला" म्हणून रडायला लागला तेव्हा मी त्याला ही गोष्ट सांगितली होती, तेरा ऐकल्यावर त्याला स्वतःचे पाच बरेच कमी वाटले.

दहा दिवसांचं काय ते

कुत्रा ओळखीचा असेल तर त्याला बांधून दहा दिवस लक्ष ठेवायचं. लाळेतून विषाणू जात असेल तर कुत्रा त्या दिवसांत आजारी पडतो किंवा मरतोच. दहाव्या दिवशीही तो नीट खातपीत असेल तर चावला तेव्हा लाळेत विषाणू नव्हता, मग उरलेले डोस थांबवायचे का ते डॉक्टर ठरवतात. पण हे दहा दिवस लस चालू ठेवून मोजायचे असतात. "आधी दहा दिवस बघू, मग लस" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आणि मालक म्हणाला की आमच्या कुत्र्याला लस दिलीय, तरी तेवढ्यावर मुलाची लस अडवू नका, निर्णय डॉक्टरांचा. मोकाट कुत्रा असेल, दिसेनासा झाला असेल, तर पूर्ण कोर्स.

जखमेकडे पहिले दोन तीन दिवस सकाळ संध्याकाळ बघा, फोटो काढत जा म्हणजे फरक कळतो. लाली पसरतेय, सूज वाढतेय, गरम लागतंय, पू आलाय, लाल रेघ वर सरकतेय, ताप आलाय, यातलं काही दिसलं तर लगेच दाखवा. कुत्र्याच्या चाव्यात इन्फेक्शन चोवीस तासांत पण चढतं.

मुलाच्या मनाचं

जखम आठवड्यात भरली, पण माझा मुलगा पुढे महिनाभर रात्री दचकून उठायचा, दोनदा अंथरूण ओलं केलं, रस्त्यात कुत्रा दिसला की माझ्या मागे लपायचा. याला "घाबरट" म्हणू नका, आणि "ये बघ काही करत नाही" म्हणून ओढत कुत्र्यापाशी नेऊ नका. त्याला बोलू द्या, तेच तेच सांगत असेल तरी ऐका, चित्र काढत असेल तर काढू दे. महिना उलटून गेला तरी झोप, शाळा, खेळ यावर परिणाम राहिला तर बालमानसतज्ज्ञांना भेटा.

मग हळूहळू शिकवायचं: खाणाऱ्या, झोपलेल्या, पिल्लं असलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही, त्याच्या तोंडातून काही ओढायचं नाही, अंगावर आला तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं आणि डोळ्यात बघायचं नाही, पडलोच तर गुडघे पोटाशी घेऊन हातांनी मान आणि कान झाकायचे. पण यापेक्षा महत्त्वाचं वाक्य आमच्याकडे वेगळंच होतं. मी त्याला सांगून ठेवलं, चूक तुझी असली तरी पहिलं मला येऊन सांगायचं, मी रागावणार नाही. आणि खरंच रागवायचं नाही, एकदा जरी रागावलात तरी पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

आठ महिन्यांनी मांजराने त्याच्या मनगटावर ओरखडलं, तर धावत आला आणि मी काही बोलायच्या आत हात नळाखाली धरला. रक्त आलं होतं. डॉक्टरांनी जुनं कार्ड बघितलं, कोर्स पूर्ण झालेला असल्यामुळे फक्त दोन डोस, शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी, सीरम नाही. कार्ड नसतं तर ते पुन्हा जखमेत टोचणं, तो आरडाओरडा, सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. म्हणून कोर्स संपला की ते कार्ड टाकून देऊ नका, मुलाच्या लसीकरणाच्या फाईलला लावून ठेवा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तो पाठवून ठेवा.